नाव मोठं होण्याआधी

मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात व्हायोलिनवर एखाद्या उगवत्या वादकाचं नाव दिसलं, की मी त्या मैफलीचं तिकीट सगळ्यात आधी काढतो. जगभर नावाजलेल्या वादकांसाठी सभागृह भरतंच. श्रोत्यांची खरी गरज या नवख्यांना असते.

अशाच एका नवख्याची ही गोष्ट. २७ मे १८४४ रोजी लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीच्या मंचावर बारा वर्षांचा व्हायोलिनवादक योझेफ योआखिम उभा राहिला. बालवादकांना संधी द्यायची नाही, असा सोसायटीचा शिरस्ता होता. संगीतकार मेंडेल्सनने रदबदली केली आणि स्वतः कंडक्टर म्हणून उभा राहिला. वाजवायचा होता बेथोवनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना. १८०६ मध्ये व्हिएन्नात तो पहिल्यांदा सादर झाला, पण नंतर क्वचितच कुणी त्याच्या वाटेला गेलं होतं. सुरुवातीला टिंपनीचे हलके ठोके पडतात आणि मग जवळजवळ तीन मिनिटं एकटा ऑर्केस्ट्राच बोलतो. तेवढा वेळ त्या पोराने व्हायोलिन हाती धरून वाट पाहिली असेल. त्या संध्याकाळनंतर हा कॉन्चेर्टो पुन्हा मैफलींत रुळू लागला. पुढे संगीतकार ब्राम्सने आपला व्हायोलिन कॉन्चेर्टो याच योआखिमला अर्पण केला.

प्रतिभा त्या मुलाचीच होती. पण ती ऐकायला तयार असलेला ऑर्केस्ट्रा नसता, तर ती दिवाणखान्यात राहिली असती. घरच्या रियाजाने बोटं सुरावर बसतात, गज स्थिर होतो. मात्र साठ-सत्तर वाद्यांच्या वर आपला स्वर पोहोचवणं, ओबोने हातात दिलेली धून अलगद उचलणं, कंडक्टरच्या हाताबरोबर श्वास घेणं या गोष्टी ऑर्केस्ट्रापुढे उभं राहिल्याशिवाय येत नाहीत. आपल्या मैफलीत गवई आणि तबलजी एकमेकांना नजरेने सांभाळतात. इथे एका नजरेला अख्खा मंच सांभाळावा लागतो.

मुंबईने आपल्या वादकांना असा ऑर्केस्ट्रा देण्याची संधी अनेकदा मिळवली आणि गमावलीही. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांच्याच घरात त्यांचे चिरंजीव, कंडक्टर झुबिन मेहता संगीत ऐकत वाढले. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे सिनेसंगीतकार प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन यांचे गुरू. त्यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला. तो फार काळ चालला नाही. गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन वाचायला शिकलेल्या कितीतरी वादकांचं आयुष्य सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गेलं. त्या कामाने आपल्याला अमर गाणी दिली. पण त्यांच्यातल्या कुणाला एकदा तरी पुढे उभं राहून अख्खा कॉन्चेर्टो वाजवावासा वाटला असेल, तर त्याच्या पाठीशी उभा राहणारा कायमचा ऑर्केस्ट्रा शहरात नव्हता. याची मला आजही हळहळ वाटते.

२००६ मध्ये खुशरू सनटूक आणि व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांनी मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. सुरुवातीला त्यात परदेशी वादकांचाच भरणा होता. म्हणूनच इथली मुलं शिकून पहिल्या रांगेत येणं आणि त्यांच्यापैकी कुणाला कॉन्चेर्टो मिळणं, हे मला फार मोलाचं वाटतं. प्रत्येक हंगामात एक संध्याकाळ अशा वादकासाठी हक्काने राखून ठेवायला हवी. त्या संध्याकाळी एखादा सूर हलेल, एखादी द्रुत जागा निसटेल. तरी आपण तिथे असावं. रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवून कुणी मोठं होत नाही.