थ्रेड : नोंदवहीच्या रेषेबाहेरचे तुळजापूर

तुळजापूरचा इतिहास म्हटला की भवानीचे मंदिर आणि नळदुर्गचा किल्ला आठवतो. आज एका नोंदवहीचा इतिहास पाहू.

१९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन यांच्या पथकाने भारतातील पहिले एचआयव्हीबाधित शोधले. (बाई माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्याच.) पुढच्याच वर्षी बार्शीत देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरत आणि लक्षणे असलेल्यांना रुग्णालयात येण्यास राजी करीत. क्षेत्र होते बार्शी, परांडा आणि भूम. शेजारचा तुळजापूर तालुका रेषेबाहेर राहिला.

ही रेष महत्त्वाची का? एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचली की एपस्टाइन-बार विषाणूला मोकळे रान मिळते आणि लसीका पेशींचे अतिवेगवान कर्करोग उद्भवू शकतात. त्यांतला प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा वैद्यकाने १९९७ मध्ये प्रथम वेगळा ओळखला. तेव्हाचे रुग्ण १६, त्यांतले १५ एचआयव्हीबाधित, आणि गाठी तोंडात. या पेशींवर सीडी-२० हे प्रथिन बहुधा नसते, म्हणून इतर लिम्फोमांत गुणकारी ठरणारे रिटुक्सिमॅब येथे सहसा निरुपयोगी ठरते. बर्किट लिम्फोमा तर प्रतिकारशक्ती बरी असतानाही गाठतो.

आपल्याकडे एचआयव्हीबाधिताच्या मानेत गाठ आली की पहिला संशय क्षयाचा. तो बहुतेकदा खराही असतो. पण ऊतक तपासणीविना क्षयाची औषधे सुरू झाली, तर आठवड्यांत वाढणारा कर्करोग तेवढ्यात हाताबाहेर जातो. मग मृत्यूचे कारण म्हणून एकच शब्द उरतो, 'एड्स'. सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. त्याआधीच्या अठरा वर्षांत त्या एका शब्दाखाली किती लिम्फोमा गाडले गेले, हे कोणताही दप्तरखाना सांगणार नाही.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २००१ ते २००५ मधील आपल्या एचआयव्हीबाधित कर्करुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा नॉन-हॉजकिन लिम्फोमाचे प्रमाण वाढलेले आढळले. पण तो मुंबई गाठू शकलेल्यांचा इतिहास आहे. भाडे नसलेल्याचा नाही.

पुढे धाराशिव जिल्हाही कर्करोग नोंदणीत आला. तरीही कर्करोगाची नोंद एका यंत्रणेकडे आणि एचआयव्हीची दुसरीकडे. २०१७ च्या कायद्याने दिलेली गोपनीयता अबाधित ठेवून, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरून, या दोन वह्या जुळवाव्यात असे माझे ठाम मत आहे. आणि त्याहीआधी, तालुक्याच्या रुग्णालयातून गाठीचा तुकडा तपासणीला जाण्याची सोय हवी. तुकडाच गेला नाही, तर वहीत लिहिणार काय?