पोहोचायचं कुणाला आहे?

सोमवारी सकाळी ऑफिसात मेल उघडायच्या आत एक प्रश्न हमखास येतो. ‘काय मग, वीकेन्डला कुठे?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून एखाद्या जागेचं नाव लागतं. लोणावळा, काशीद, गेला बाजार जवळचा मॉल. नाव सांगितलं की पुढचे प्रश्न तयार. किती तास लागले? ट्रॅफिक होतं का? म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी आपण ऑफिसातून बाहेर पडतो खरे, पण टार्गेट आणि डेडलाइन गाडीच्या डिकीत टाकून सोबतच नेतो. साडेअकराला पॉइंट, दीडला जेवण, चारला निघायलाच हवं, नाहीतर एक्स्प्रेस-वेला अडकू. सुट्टीचाही प्रोजेक्ट प्लॅन!

यावर एक झकास उतारा आहे आणि तो सीएसएमटीपासून टॅक्सीच्या अंतरावर आहे. गेटवेला जायचं, शिडाच्या होडीत बसायचं आणि कुठेही जायचं नाही.

‘कुठेही नाही’ हे मुद्दाम म्हणतोय. गेटवेहून सुटणारी मांडव्याची लाँच तासाभरात पलीकडे पोहोचवते, घारापुरीचीही साधारण तेवढ्याच वेळात. त्यांचं काम तेच. शिडाच्या होडीला मात्र पोहोचवण्याची घाई नसते. चांगला वारा असला तरी छोटी होडी चार-पाच नॉट्सने जाते, म्हणजे ताशी आठ-नऊ किलोमीटर. आपली स्लो लोकलसुद्धा तिच्यापुढे राजधानी एक्स्प्रेस. त्यामुळे वेगाचा विषय पहिल्या पाच मिनिटांतच निकालात निघतो आणि माणूस जरा सैल होतो.

सरळ रेघ विसरा

शिडाची पहिली गंमत अशी की तिला सरळ जाता येत नाही. म्हणजे वाऱ्याच्या दिशेने जाता येतं, वारा आडवा घेऊनही मस्त जाता येतं. पण वारा जिथून येतोय नेमकं तिथेच जायचं असेल तर नाही. होडीचं नाक वाऱ्याच्या साधारण पंचेचाळीस अंशांपेक्षा जवळ नेलं की शीड फडफडतं आणि होडी जागच्या जागी डुलत राहते. मग आधी डावीकडे तिरकं, मग उजवीकडे तिरकं, असं नागमोडी जावं लागतं. समोर दिसणाऱ्या बोयापर्यंत जायला पाऊण तास लागतो आणि त्या पाऊण तासात तो बोया तुम्ही तीन बाजूंनी पाहिलेला असतो.

ठरलेल्या ठिकाणी जायचं असेल तर हा सगळा वैताग आहे. नसेल तर हीच मजा आहे. वारा फिरला? फिरू दे, आपणही फिरू. ‘वारा वाहील तशी पाठ फिरवणारा’ ही आपल्याकडे शिवी आहे, ऑफिसात अशी माणसं आपण रोज बघतो. होडीत मात्र तोच सर्वात हुशार माणूस ठरतो.

बरं, हे निवांतपण म्हणजे लोळणं नव्हे. सुकाणू हातात आलं की डोळे आपोआप पाण्यावर जातात. लांबवर पाण्याचा एक पट्टा गडद दिसला तर तिथे वारा जास्त आहे, तो थोड्या वेळात आपल्यापर्यंत येणार. गालावर वारा कुठल्या बाजूने लागतोय तेही कळायला लागतं. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टने १८०५ मध्ये वाऱ्याची जी मोजपट्टी मांडली, ती असंच बघून वारा मोजायला शिकवते. लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागला की तीन नंबरचा वारा, म्हणजे सात ते दहा नॉट्स. निवांत भटकायला एकदम फर्स्ट क्लास!

बंदरात नांगरून पडलेली मोठी जहाजंही बोलतात. नांगरावरचं जहाज नाक प्रवाहाकडे करून उभं राहतं. सगळ्यांची नाकं बाहेर, खुल्या समुद्राकडे असली तर भरती आत येतेय. नाकं आत वळली की ओहोटी लागली. हे एकदा कळलं की न्हावा-शेव्याच्या क्रेन, घारापुरीचा डोंगर, अटल सेतूची लांबच लांब रेघ हा सगळा देखावा पोस्टकार्डासारखा सपाट राहत नाही. त्यातलं काय हलतंय आणि का हलतंय ते दिसायला लागतं. आणि तासभर उलटल्यावर लक्षात येतं की आपण मोबाइल पाहिलाच नाही. पाहायचा नाही असं ठरवलं नव्हतं, आठवणच झाली नाही.

सर्वात भारी प्रकार म्हणजे समुद्राच्या मध्यात थांबणं. शिडाच्या होडीला ब्रेक नसतो, पण पुढचं छोटं शीड उलट्या बाजूला ओढून धरलं आणि सुकाणूने होडी वाऱ्याकडे वळायला लावली की दोन्ही जोर एकमेकांना तोलतात. होडी जवळजवळ थांबते आणि हळूहळू तरंगत सरकत राहते. दर्यावर्दी लोक वादळात हा उपाय वापरतात. आपण तो डबा उघडायला वापरायचा. थर्मासमधला चहा, पोळीचा रोल, आणि इंजिन बंद असल्यामुळे ऐकू येणारा पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. मुंबईत एवढी शांतता दुसरीकडे विकत मिळत नाही.

एक शर्यत, तीन माणसं

‘ठीक आहे, पण याला अर्थ काय? नुसतं फिरून परत?’ असं विचारणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला एका शर्यतीची गोष्ट सांगा.

१९६८ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने एक शर्यत जाहीर केली. एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा. पहिला येणाऱ्याला गोल्डन ग्लोब करंडक, सर्वात कमी वेळात येणाऱ्याला पाच हजार पौंड. नऊ जण निघाले, पूर्ण एकानेच केली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन २२ एप्रिल १९६९ रोजी इंग्लंडला परतला, ३१२ दिवसांनी. त्याची बत्तीस फुटी सागवानी होडी ‘सुहैली’ आपल्या मुंबईत बांधलेली होती, हे आपण अभिमानाने सांगू शकतो.

दुसरा फ्रान्सचा बर्नार्ड म्वातेसिए. केप हॉर्नचं भयंकर टोक वळून झालं होतं. आता उत्तरेला, इंग्लंडकडे वळायचं, की पाच हजार पौंड मिळण्याची दाट शक्यता होती. तो वळलाच नाही! तसाच पूर्वेला जात राहिला. केपटाउनजवळ एका जहाजावर त्याने गलोलीने निरोप भिरकावला की आपण शर्यत सोडतोय, समुद्रावर आपण सुखी आहोत. मग आणखी अर्धी पृथ्वी फिरून जून १९६९ मध्ये तो ताहितीला उतरला.

तिसरा डोनाल्ड क्रोहर्स्ट. धंदा अडचणीत, घर गहाण, होडी अपुऱ्या तयारीची. दक्षिणेच्या समुद्रात गेलो तर ती टिकणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. आणि माघारी फिरलो तर दिवाळं. मग तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोटे आकडे कळवत राहिला. एका दिवसात २४३ मैल कापल्याचं त्याने कळवलं तेव्हा इकडे कौतुक झालं. जुलै १९६९ मध्ये त्याची होडी समुद्रात रिकामी सापडली. वह्या होत्या, माणूस नव्हता. नॉक्स-जॉन्स्टनने जिंकलेले पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

महिनाअखेरीला आकडे भरणाऱ्या माणसाला क्रोहर्स्ट परका वाटणार नाही. समुद्र त्याच्या भोवती होता, पण तो राहत होता रिपोर्टात. म्हणून मग सगळ्यांनी म्वातेसिए व्हायचं का? तेही इतकं सोपं नाही. फ्रान्समध्ये त्याची बायको त्याची वाट बघत होती. त्याच्या स्वातंत्र्याचं बिल काही प्रमाणात तिच्या नावावर फाटलं. राजीनामा भिरकावून ताहितीला जायचं स्वप्न स्क्रीनसेव्हरवर छान दिसतं. घरी आई-बाबा, ईएमआय आणि शाळेत जाणारी पोर असली की गलोल हातात घेताना विचार करावा लागतो.

पण मधला एक रस्ता आहे, आणि तो तीन तासांचा आहे. आकडा नाही, करंडक नाही, रात्री जेवायला घरी. या तीन तासांचा हिशेब कुणाला द्यायचा नसतो, स्वतःलाही नाही. आठवड्यात असे तास किती असतात, बोटांवर मोजून बघा. जिममध्ये कॅलरी मोजतो, चालताना पावलं मोजतो, पुस्तकं वाचली तर वर्षाला किती ते मोजतो. न मोजलेल्या तासांची सवय सुटली की माणूस रिटायर झाल्यावरही मोजतच बसतो. आजूबाजूला असे काका असतील बघा. पेन्शन सुरू, वेळच वेळ, आणि त्या वेळेचं करायचं काय ते ठाऊक नाही. ती सवय तिशीतच राखायला हवी.

तिथीची पाऊणपट

निघायचं ठरलंच तर थोडी तयारी. आपल्याकडचा शिडाचा मोसम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात छोट्या होडीचं नावही काढायचं नाही. गेटवेच्या परिसरात खलाशासकट तासावर होडी मिळते. भाव आणि वेळ आधी ठरवा, लाइफ जॅकेट मागून घ्या आणि ते अंगावर घाला. फोटोला वाईट दिसतं, असू दे. शिडाखालची आडवी काठी वळताना सपकन इकडून तिकडे येते, खलाशी ओरडला की आधी डोकं खाली, प्रश्न नंतर. पोटात ढवळलं तर नजर क्षितिजावर ठेवा. नौदलाच्या हद्दीपासून लांब राहा. आणि कोळ्यांच्या जाळ्यांचे बोये दिसले की वळसा घ्या. आपण फिरायला आलोय, ते कामावर आहेत.

वेळ निवडायला शाळेचा भूगोल काढा. सकाळी जमिनीकडून मतलई वारे, दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे. तेव्हा परीक्षेत पाच मार्कांना यायचे, आता उपयोगी पडतील. आणि आजीचं कॅलेंडर. तिथीची पाऊणपट केली की मुंबईत पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट, संध्याकाळी सहाला भरती. म्हणजे दुपारी बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. शिवाय अष्टमीची भरती भांगाची, पाण्याला ओढ कमी.

सकाळी नऊला निघालात तर ओहोटी आणि मतलई वारा दोघं मिळून हळूच बाहेर नेतात. दुपारी पाणी फिरतं, खारा वारा सुटतो आणि दोघं मिळून परत आणून सोडतात. जाणं-येणं समुद्राने ठरवलेलं असतं. तुम्ही फक्त वाटेत इकडे तिकडे बघायचं.

सोमवारी कुणीतरी विचारणारच, ‘वीकेन्डला कुठे?’ खुशाल सांगा, ‘कुठेच नाही.’ चेहरे बघण्यासारखे होतात.