बैलगाड्या मोजल्या, डाव मोजले नाहीत

खाशाबा जाधवांच्या मिरवणुकीत १५१ बैलगाड्या होत्या, हे आमच्या खानदेशातल्या आठवीच्या पोरालाही पाठ असतं. त्याच पोराला विचारा, १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा कुणाकडून हरले आणि कसे हरले? पोरगं गप्प. मी पोराला बोल लावत नाही. त्याच्या पुस्तकात ते नाहीच. पुस्तकात गरिबी आहे, जिद्द आहे, बैलगाड्या आहेत, सरकारी उपेक्षा आहे, १९८४ चा अपघात आहे आणि शेवटी ‘यातून आपण काय शिकावे’ आहे. कुस्ती तेवढी नाही.

खरी गोष्ट तर कुस्तीतच आहे. १९४८ ला लंडनमध्ये हा माणूस सहावा आला, तेव्हा गादी त्याला जवळजवळ नवी होती. मातीतला गडी चीतपट करायला शिकलेला, आणि इथे गुणांचा हिशेब. चार वर्षांत त्याने तो हिशेब शिकून घेतला. हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल पाडले. मग जपानच्या शोहाची इशीशी कुस्ती पंधरा मिनिटांच्या वर चालली आणि एका गुणाने गेली. लगेच सोव्हिएत रशियाच्या मम्मदबेयोव्हशी उभं राहायला सांगितलं. मधे विश्रांती द्यायचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगतात. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. तो गादीवर कसा लागत होता, पाय कुठे अडत होता, इशीने त्याला काय उत्तर दिलं, हे लिहायला निदान एक वस्ताद गाठावा लागतो. बैलगाड्या मोजायला काही लागत नाही.

आमच्याकडच्या एका ‘अ’ वर्ग वाचनालयात मी ऑलिंपिकवरची पुस्तकं मागितली. ग्रंथपाल नाना सज्जन माणूस. त्यांनी मला थेट स्पर्धा परीक्षांच्या कपाटासमोर नेऊन उभं केलं. पाच वर्तुळांचे रंग, कोणती स्पर्धा कोणत्या साली कोणत्या शहरात, पहिलं आशियाड दिल्लीला १९५१ साली, दुसरं मनिलाला. पुढे कंसात चार पर्याय. मी म्हटलं, नाना, मला खेळाडूंबद्दल वाचायचंय. शेजारच्या टेबलावर अभ्यास करणारा पोरगा मान वर न करता म्हणाला, ‘भाऊ, काय करशी ते वाचीसन? परीक्षामा फक्त साल इचारतस.’ त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

हाच पोरगा पहाटे कुठे असतो? जळगाव असो की धुळे, कुठल्याही मैदानावर पहाटे जा, पोलीस भरतीची पोरं धावताना दिसतील. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, ऑलिंपिकच्या रिंगणात पुरुष टाकतात तो याच वजनाचा. म्हणजे खानदेशातली हजारो पोरं रोज पहाटे ऑलिंपिकचाच खेळ खेळतात आणि दुपारी वाचनालयात बसून ऑलिंपिकची सालं घोकतात. मधल्या वेळात या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे सांगणारं एक पान त्यांच्या हाती पडत नाही. गोळा मानेपासून सुटताना कोपर का पडतं, १६०० मीटरचा तिसरा फेरा सगळ्यांनाच का जड जातो, चांगल्या धावपटूंनी त्याचं काय केलं, हे मराठीत कोण सांगणार? पोरांना ‘खचू नका’ म्हणून सांगणारी पुस्तकं मात्र ढिगाने. पोरगं खचलेलंच नाहीये हो, त्याचं कोपर पडतंय!

आणि हे सगळं कुठे चाललंय? धुळ्याच्या आसपास. इतिहासकार राजवाडे ज्या गावात ३१ डिसेंबर १९२६ ला गेले आणि ज्या गावाने पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं केलं, तिथे. त्या गृहस्थाने गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं झटकून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. कागद नाही तर इतिहास नाही, हा त्यांचा हट्ट. ते नाव आम्ही सभेत घेतो, हार घालतो, आणि खेळाडूचं चरित्र लिहायला बसलो की वर्तमानपत्राची चार कात्रणं आणि एक डोळे पाणावणारा प्रसंग एवढ्यावर १२० पानं काढतो. ना सरावाची वही, ना गुणपत्रक, ना वस्तादाची मुलाखत, ना हरलेल्या प्रतिस्पर्ध्याचा एक शब्द.

मराठीला हे जमतच नाही, असंही नाही. बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत काढले. दहा! इंग्रजांचं राज्य, महायुद्ध, कागदाची टंचाई, तरीही. ज्या १९३६ साली ते काम सुरू झालं, त्याच साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी बर्लिनला जाऊन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आली. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी वऱ्हाड आणि बडोदा जे करत होते, ते आज ऑफसेट छपाई आणि मोबाइलच्या जमान्यात आपल्याला झेपत नाही. आपल्याला झेपतं ते रंगीत कव्हर.

आता आमच्या घरचंच उदाहरण घ्या. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा विजय चौधरी. २०१४, २०१५, २०१६, सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. त्याच्या आधी नरसिंग यादवनेही २०११ पासून अशीच तीन वर्षं गदा नेली होती. म्हणजे सहा वर्षांत गदा दोघांतच फिरली. एवढ्याने एक चांगलं पुस्तक उभं राहतं. पुढे विजय पोलीस अधिकारी झाला आणि २०२३ मध्ये कॅनडात विनिपेगला जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडा स्पर्धेत १२५ किलो गटात सुवर्ण घेऊन आला. ही स्पर्धा १९८५ साली कॅलिफोर्नियात सॅन होजेला सुरू झाली, दर दोन वर्षांनी भरते, त्यात जगभरचे पोलीस आणि आग विझवणारे जवान डझनावारी खेळ खेळतात. भरतीच्या मैदानावरच्या पोरासाठी याहून जवळची आंतरराष्ट्रीय स्पर्धा कोणती? पण तिचं नाव त्याला कुणी सांगितलेलं नाही, कारण ती चार पर्यायांत येत नाही. विजयचं नाव मात्र फ्लेक्सवर येतं. फ्लेक्स दोन पावसांत फाटतो.

जरा शेजारी डोकवा. चांदवड तालुका आमच्या सीमेपासून फार लांब नाही. तिथल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने २०१६ ला रिओत एकट्याने नाव वल्हवली आणि तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्ण घेतलं. दुष्काळी गावातला पोरगा आणि पाण्यावरचा खेळ, एवढा एक विरोधाभास सापडला की आमचे लेखक धन्य होतात. वल्ह्याचं पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही. अमेरिकेत डॅनिएल जेम्स ब्राऊन नावाच्या लेखकाने २०१३ मध्ये ‘द बॉइज इन द बोट’ लिहिलं. १९३६ च्या बर्लिनमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या नावाड्यांची गोष्ट. तीही गरिबांचीच पोरं, घरातून टाकून दिलेला एक जण त्यांत. पण ब्राऊन त्या म्हाताऱ्या झालेल्या नावाड्याच्या उशाशी जाऊन बसला, नावाड्यांच्या रोजनिशा आणि प्रशिक्षकाची वही धुंडाळली, आणि आठ जणांची वल्ही एका लयीत का पडतात ते आपल्यासारख्या कोरड्या माणसाला समजावून दिलं. गरिबी तिथेही आहे. ती पहिल्या प्रकरणात येऊन कामाला लागते, आमच्याकडच्यासारखी शेवटच्या पानापर्यंत हुंदके देत बसत नाही.

प्रकाशक म्हणतात, खेळाची पुस्तकं खपत नाहीत. क्रिकेटची कशी खपतात मग? आणि या १२० पानी चरित्र-पुस्तिका तरी कोण विकत घेतं? शाळा बक्षिसाला घेतात, वाचनालयं अनुदानाचा खर्च दाखवायला मार्चअखेर घेतात. वाचणारा या व्यवहारात कुठेच नाही, म्हणून आत काय छापलंय याने कुणाचं बिघडत नाही. पदक मिळालं तरच लिहायचं, हा आणखी एक कंजूषपणा. १९२० ला अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे. त्या वेळी ही माणसं तिथवर बोटीने कशी गेली, काय खाल्लं, कोणत्या बुटांत धावली, याची केवढी गोष्ट होईल! पण चौथ्याला आणि एकोणिसाव्याला आमच्या वाङ्मयात जागा नाही. कारण ‘यातून आपण काय शिकावे’ हा मथळा त्यांच्यापुढे लावता येत नाही.

२०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. तो तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता, हे दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत होतं. गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून, अशा तीन आसनांत नेम बदलताना श्वासाचं काय करावं लागतं, हे आजही कुणाला माहीत नाही.

पुढचं ऑलिंपिक २०२८ ला लॉस एंजेलिसला आहे. पुस्तिका तयारच असतील. झोपडीचं चित्र, आईचे कष्ट, शेवटचा उपदेश, सगळं टाइप करून ठेवलेलं, फक्त नावाच्या जागी रिकामी रेघ. त्यातून या खेपेला ऑलिंपिकमध्ये क्रिकेटही येतंय. म्हणजे कुस्ती, नाव आणि गोळा यांच्या वाट्याला जी चार पानं येत होती, तीही गेली.