कीपर निवडताना ग्लोव्ह्ज कोण बघतो?

मुळशीतल्या जांबे गावाला हिंजवडीचं आयटी पार्क जवळ आणि गहुंज्याचं क्रिकेट मैदानही जवळ. तेव्हा आयपीएलच्या तोंडावर इथल्या नव्या सोसायट्यांत मित्रामित्रांचा खेळाडू-लिलाव रंगला तर नवल नाही. एक्सेलची शीट, प्रत्येकाला खोट्या कोटींचं बजेट आणि रात्री उशिरापर्यंत आरडाओरडा. फलंदाजांवर पैसा उधळला जातो, गोलंदाजांवर थोडा विचार होतो आणि यष्टीरक्षकाची वेळ आली की सगळे एकच प्रश्न विचारतात. हा कितव्या नंबरला बॅटिंगला येतो?

प्रश्न चुकीचा नाही. खऱ्या सामन्यातल्या कामगिरीवर मिळणाऱ्या गुणांचा तक्ताच तसा आहे. हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘ड्रीम ११’ने देशाला फँटसी क्रिकेटची सवय लावली आणि त्या कंपनीचाच तक्ता घरगुती लीगमध्येही रूढ झाला. झेलाला ८ गुण, यष्टिचीतला १२. बळीला बराच काळ २५ होते. झेल सोडला तर कपात नाही, पायांमधून चार बाय गेल्या तरी कपात नाही. म्हणजे चांगल्या कीपिंगला चिल्लर आणि वाईट कीपिंगला माफी.

याचा परिणाम बघायचा तर २३ मार्च २०२५ चा चेपॉकवरचा सामना आठवावा. नूर अहमदच्या चेंडूवर सूर्यकुमार यादव पुढे सरसावला, चुकला, आणि तो वळायच्या आत महेंद्रसिंह धोनीने बेल्स उडवल्या होत्या. पाच दिवसांनी त्याच मैदानावर फिल सॉल्टची तीच गत झाली. त्या दुसऱ्या सामन्यात धोनी फलंदाजीला आला नवव्या क्रमांकावर. फँटसीत अशा माणसाला घेणं म्हणजे आत्मघात! यष्टिचीतचे १२ त्याला, बळीचे गुण नूरला, आणि धावांसाठी उरलीसुरली षटकं.

त्याहून गंमत यादीची आहे. २०२५ च्या मोसमात लखनौच्या निकोलस पूरनने ४० षटकार मारले, स्पर्धेत सर्वाधिक. फँटसीच्या यादीत तो यष्टीरक्षक. ग्लोव्ह्ज मात्र ऋषभ पंतच्या हातात! बेंगळुरूच्या सॉल्टचंही तेच. नाव यष्टीरक्षकांत, यष्टींमागे उभा अमरावतीचा जितेश शर्मा. जागा कीपरची, पण ती भरायला कीपिंग करावीच लागत नाही.

जितेशचं उदाहरण जरा थांबून बघण्यासारखं आहे. २७ मे २०२५ ला लखनौमध्ये पंतने नाबाद ११८ केल्या. बेंगळुरूपुढे २२८ चं लक्ष्य होतं. चौथा गडी बाद झाल्यावर आलेल्या जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ ठोकून सामना जिंकून दिला. त्या दिवशी तो प्रभारी कर्णधारही होता. लिलावात पंतची किंमत २७ कोटी, जितेशची ११ कोटी. मोसमाअखेर पंतच्या धावा २६९, जितेशच्या २६१. तरीही मोसमाच्या सुरुवातीला जितेशला पहिल्या बोलींतच उचलणाऱ्याला शहाणा म्हणता आलं नसतं. सहाव्या क्रमांकाच्या फलंदाजाला असे दिवस मोसमात एखाददुसराच मिळतो. बाकीच्या सामन्यांत वरचे फलंदाजच चेंडू खाऊन टाकतात.

आता ज्या अमेरिकेतून हा खेळ आला तिथे डोकावू. डॅनियल ओक्रेंट या पत्रकाराने १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये मित्रांबरोबर पहिली ‘रोटिसरी’ बेसबॉल लीग सुरू केली. फलंदाजाच्या पाठीमागे उकिडवा बसणारा कॅचर म्हणजे तिथे ‘ड्राफ्ट’मधलं, फेरीफेरीने खेळाडू निवडतानाचं, कायमचं डोकेदुखीचं प्रकरण. मोसमात १६२ सामने. गुडघे इतकी बैठक सहन करत नाहीत, म्हणून कॅचरला वरचेवर विश्रांती द्यावी लागते. शिवाय बॅटही चालवणारे कॅचर मोजकेच. म्हणून असा एखादा सापडला की त्याच्यासाठी लोक वरची फेरी खर्च करतात. सिएटलच्या कॅल रॅलीने २०२५ मध्ये ६० होमरन मारले. त्याआधी कॅचरचा विक्रम साल्वाडोर पेरेझचा, २०२१ मधला, ४८ चा होता. अशा माणसाचं मोल त्याच्या आकड्यांपेक्षाही, त्याच्यात आणि पुढच्या कॅचरमध्ये पडलेल्या अंतरात असतं.

आयपीएलमध्ये हे गणित उलटं होतं. सॉल्ट, बटलर, सॅमसन, राहुल, डी कॉक, रिकल्टन, प्रभसिमरन अशी सलामीला किंवा तिसऱ्या क्रमांकावर खेळणाऱ्या ‘कीपरां’ची रांगच लागलेली असते. टंचाई नाही, मग घाई कशाला? लिलावात पहिल्या दोन-तीन बोलींत कीपरवर पैसे ओतणारा फसतो. आठजणांच्या लीगमध्ये शेवटी उरलेला कीपरही बहुधा सलामीचाच निघतो. सध्याचा तक्ता मान्य असेल तर धोरण एवढंच. आधी अष्टपैलू, मग गोलंदाज, कीपर सावकाश.

पण तक्ता मान्य करायलाच हवा असं कुठे आहे? ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा आला आणि पैसे लावून खेळायच्या स्पर्धा ‘ड्रीम ११’ने बंद केल्या. सोसायटीतल्या लीगमध्ये हरणाऱ्याने मिसळ खिलवायची, एवढ्यावरच भागत असेल तर नियमही सोसायटीनेच लिहावेत.

ते का बदलावेत, हे जुन्या कीपरांकडे बघून कळतं. मुंबईचे नरेन ताम्हाणे २१ कसोटी खेळले. फलंदाजीची सरासरी जेमतेम १०, यष्टींमागे ५१ बळी, त्यांत १६ यष्टिचीत. बडोद्याच्या किरण मोरेने जानेवारी १९८८ मध्ये मद्रास कसोटीत वेस्ट इंडिजचे सहा फलंदाज यष्टिचीत केले, त्यातले पाच एकाच डावात. तो विश्वविक्रम ठरला. त्याच सामन्यात पदार्पण करणाऱ्या नरेंद्र हिरवाणीने १६ बळी घेतले. बळीला २५ देणाऱ्या त्या टी-२० तक्त्याने मोरेच्या यष्टिचीतांचे होतात ७२ आणि हिरवाणीच्या बळींचे ४००. ज्या तक्त्याला ताम्हाणे दिसतच नाहीत आणि मोरे इतके छोटे दिसतात, तो कीपर मोजायला घेऊच नये.

दुरुस्ती फार मोठी नाही. त्या सामन्यात प्रत्यक्ष ग्लोव्ह्ज घालणाऱ्यालाच कीपरच्या जागेचे गुण द्यावेत. पूरन आणि सॉल्ट फलंदाजांच्या यादीत जातील आणि कीपरची टंचाई आपोआप तयार होईल. यष्टिचीतला २० गुण द्यावेत, दर बायला एक कापावा. बाय धावफलकावर लिहिलेल्याच असतात, त्यावर वाद नाही. सोडलेल्या झेलाचे चार कापायला हरकत नसावी, पण तो झेल होता की नव्हता यावर भांडण अटळ. तिथे त्या सामन्यात ज्याचा एकही खेळाडू नाही, अशा मित्राला पंच नेमावं.