‘किंचित’ या अर्थाची अपुरी बाजू

विशेषणे साधणाऱ्या प्रत्ययांचा अर्थ सांगताना आपल्याकडे ‘किंचित’ या एका शब्दावर फार भिस्त ठेवली जाते. -सर, -ट, -कट, -ऊस या सर्वांचा अर्थ ‘किंचित तसा’ असा सांगून अध्यापक पुढे जातो. परिणामी भाषांतराच्या उत्तरपत्रिकेत ‘यलोइश’साठी ‘पिवळसर’ आणि ‘पिवळट’ हे दोन्ही पर्याय सारखेच गुण मिळवतात. प्रस्तुत लेखकानेही ते वर्षानुवर्षे दिले आहेत.

वस्तुतः पिवळसर रेशीम कोणी कौतुकाने दाखवील; पिवळट रेशीम मात्र पेटीच्या तळाशी राहून जुने झालेले असते. येथे प्रत्यय रंगाचे प्रमाण सांगतो, त्याहून अधिक बोलणाऱ्याचा अभिप्राय सांगतो. तेलकट, मळकट, धुरकट, मातकट या सर्वांत नापसंतीची छटा आहे. ‘पोरसवदा’ आणि ‘पोरकट’ यांतील अंतर तर इंग्रजीतील ‘चाइल्डलाइक’ व ‘चाइल्डिश’ यांच्यातील अंतराची आठवण करून देणारे आहे. (‘बालिश’मधील ‘-इश’ इंग्रजीतून आला, असे समजणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात, शब्द अर्थातच संस्कृत आहे.)

मात्र यावरून सरसकट नियम बांधता येणार नाही. ‘तांबूस’ आकाश सुखद, पण ‘आंबूस’ वास आला की भात टाकावा लागतो, प्रत्यय तोच. ‘आंबट’, ‘तुरट’ ही तर रुचींचीच नावे झाली असून त्यांतील ‘-ट’ला आता वेगळा अर्थ उरलेला नाही.

भाईंदरच्या मिठागरांलगत राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने वर्गात सहज सांगितले : समुद्र खारा, विहिरीचे पाणी खारवट आणि मीठ जास्त पडलेली आमटी खारट. समुद्राला खारट म्हटले तर त्याच्याविषयी तक्रार केल्यासारखे होते, असेही तो म्हणाला. पाठ्यपुस्तकातील तद्धितांच्या प्रकरणापेक्षा हे विवेचन अधिक नेमके होते.

मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये आला, दामल्यांचे व्याकरण १९११ मध्ये. शब्दसंग्रहाची व रूपविचाराची ती पायाभरणी मोलाची आहे. परंतु प्रत्ययामागील अभिप्रायाची नोंद घ्यायची, तर तो प्रत्यय कोणत्या नामाशेजारी शोभतो आणि कोणत्या नामाशेजारी खटकतो हे उदाहरणांनी टिपावे लागेल. पदव्युत्तर प्रबंधिकेला हा विषय लहान वाटण्याचे कारण नाही. तूर्त आम्ही ‘पिवळट’चा अर्धा गुण कापतो आणि कारण समासात लिहितो.