वाटणीचा नियम पेटी उघडण्याआधी ठरवा

महिन्यापूर्वी आमचा रविवारचा खेळ मोडला. कारण होते एक तलवार. ती तलवार कागदावर लिहिलेली होती, तिला ना धार होती ना मूठ. तरीही पाच शिकलेसवरलेले, चाळिशीकडे झुकलेले लोक रात्री एक वाजता तिच्यावरून इतके भांडले की दोघांनी ग्रुप सोडला. घरी सांगितले तर सगळे हसले. ‘खेळातल्या खजिन्यावरून कोणी भांडते का?’

भांडतात. पन्नास वर्षे भांडत आले आहेत. आणि माझे म्हणणे असे, की हे भांडण क्षुल्लक नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. प्रत्येकाचे एक पात्र असते. एक जण ‘डंजन मास्टर’ होऊन गोष्ट चालवतो, फासे टाकून निकाल लागतात. तळघरात उतरायचे, राक्षसांशी लढायचे, खजिना घेऊन बाहेर यायचे. यात हार-जीत एकमेकांविरुद्ध नसते, सगळे एकाच बाजूचे असतात. म्हणूनच वाटणीचा प्रश्न अवघड होतो. शत्रूकडून घेणे सोपे असते, सोबत्याशी वाटून घेणे कठीण.

सुरुवातीच्या नियमांत तर सोन्याचे एक नाणे बाहेर आणले की अनुभवाचा एक गुण मिळे. म्हणजे ज्याच्या वाट्याला जास्त सोने, तो लवकर बलवान. त्यामुळे वाटणीची पद्धत हा पोटापाण्याचाच प्रश्न होता. 1978 च्या खेळाडूंच्या पुस्तकात गायगॅक्सने वाटणीच्या पद्धतीच नोंदवून ठेवल्या: सर्वांना समान वाटा, किंवा ज्याची जितकी लेव्हल तितके वाटे, किंवा समान वाटा आणि उत्तम खेळणाऱ्याला वर काही. पुढे 1989 च्या आवृत्तीत सोन्याबद्दल गुण देणे ऐच्छिक झाले. 2014 च्या आवृत्तीत जादूच्या ज्या वस्तू पात्राशी ‘जुळवून’ घ्याव्या लागतात, त्या एका वेळी तीनच वापरता येतील अशी मर्यादा आली. नियम बदलले, पण टेबलावरचा वाद तसाच राहिला.

आता आमच्या टेबलाचे ऐका. माझे पात्र क्लेरिक, म्हणजे जखमा भरणारा. आमचा लढवय्या मागच्या लढाईत पडला. त्याला तिथल्या तिथे उठवायचे तर मंत्राला तीनशे नाण्यांचे हिरे लागतात आणि ते मंत्राबरोबर संपतात. ते हिरे मी माझ्या वाट्यातून घेतलेले होते. तो उठला, लढला, पेटी उघडली. आत दीड हजार नाणी आणि एक जादूची तलवार. चोराचे पात्र खेळणाऱ्याने कोणाला न सांगता मास्टरला निरोप पाठवून दोनशे नाणी आधीच खिशात घातली होती. तलवार लढवय्याने उचलली. उरलेली नाणी ‘समान’ वाटायची ठरली, त्यातही लढवय्याचा आणि चोराचा पूर्ण वाटा. मी हिऱ्यांचे पैसे मागितले तर उत्तर आले, ‘ते तर तुझे कामच आहे.’

या टेबलावर तीन युक्तिवाद झाले. तिन्ही खोटे आहेत.

पहिला चोराचा. ‘माझे पात्र चोर आहे, मी फक्त पात्राप्रमाणे वागलो.’ चोराचे पात्र या खेळात 1975 पासून आहे आणि ही सबबही बहुधा तितकीच जुनी असेल. पात्र चोर आहे हे मान्य. पण ज्यांनी तुझ्या पाठीमागे पहारा दिला त्यांच्याच खिशात हात घालायचा हा निर्णय कागदावरच्या पात्राने घेतला नाही, टेबलावर बसलेल्या माणसाने घेतला. चोराला चोरी करायला अख्खे शहर पडले आहे.

इथे मला आपल्या परंपरेची आठवण येते. कुरआनातल्या एका संपूर्ण सूरेचे नाव ‘अल-अनफाल’ आहे आणि तिची सुरुवातच माल-ए-गनिमतीविषयीच्या प्रश्नाने होते. बद्रनंतर सोबत्यांमध्येही वाटणीवरून मतभेद झाले होते. म्हणजे ही माणसाची जुनी दुखरी जागा आहे. उत्तर काय मिळाले? पाचवा हिस्सा आधी बाजूला, उरलेला लढणाऱ्यांत. घोडेस्वाराला पायदळापेक्षा जास्त, पण तेही आधी ठरलेल्या नियमाने, लढाईनंतरच्या आरडाओरड्याने नाही. आणि वाटणीआधी गुपचूप काही काढून घेणे याला ‘गुलूल’ म्हणतात. ते गंभीर पाप मानले गेले आहे. खेळाला धर्माचे नियम लावा असे मी म्हणत नाही. जे प्रश्न टेबलावर येतात ते शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी गांभीर्याने सोडवले आहेत, एवढेच म्हणतो.

दुसरा युक्तिवाद माझ्या बाबतीतला: ‘जखमा भरणे तुझे कामच आहे.’ काम माझे, खर्च सर्वांचा. वारसाहक्कात आपण काय करतो? दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत, आणि त्यानंतर वाटे. सामायिक खर्च आधी वजा केल्याशिवाय कोणतीही वाटणी समान नसते, ती फक्त समान दिसते.

तिसरा युक्तिवाद सर्वांत सभ्य, म्हणून सर्वांत घातक. ‘तलवार लढवय्याच्याच उपयोगाची आहे. तुला ती पेलणार आहे का? ती त्याच्याकडे गेली तर संघच बळकट होतो.’ यातले पहिले वाक्य खरे आहे. पण वापर कोणी करायचा हा एक प्रश्न, आणि किंमत कोणाच्या वाट्यात धरायची हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा गिळायचा, ही यातली लबाडी. त्यामुळे प्रत्येक पेटीतून बलवान अधिक बलवान होतो, आणि पुढच्या वेळी ‘तोच तर जास्त लढतो’ हे कारण आयते तयार असते.

हा युक्तिवाद मी ओळखला, कारण तो मी आधी ऐकला होता. वडिलांच्या पश्चात घराचा प्रश्न आला तेव्हा आमच्याकडे हेच बोलले गेले. ‘तिला सासरी घर आहे, हे घर तिच्या काय उपयोगाचे?’ शरीयतने बहिणीचा वाटा ठरवून दिलेला. तो भावाच्या निम्मा, पण तेवढाही तिला मिळाला नाही. तिने हक्कसोडपत्रावर सही केली आणि सगळ्यांसाठी चहा केला. मी तिथेच बसलो होतो. एक शब्द बोललो नाही. कागदी तलवारीसाठी रात्री एक वाजता आवाज चढवणारा मी, त्या दिवशी गप्प होतो. खेळाने मला हे दाखवले, म्हणून खेळाला क्षुल्लक म्हणणे मला जमत नाही.

उपाय अवघड नाही. आधी हिऱ्यांची तीनशे नाणी वजा करा, राहिली बाराशे. तलवारीची किंमत सर्वांनी मिळून ठरवा, समजा दोन हजार. एकूण बत्तीसशे, चौघांत आठशे-आठशे. लढवय्याने तलवार खुशाल घ्यावी. नाणी उरलेल्या तिघांना चारशे-चारशे. तो तिघांचेही चारशे देणे लागतो, ते पुढच्या पेटीतून फेडावे. तलवार त्याच्या हातात राहील आणि हिशेबही चोख राहील. हे सगळे पहिल्या रविवारी, रिकाम्या टेबलावर ठरवा. पेटी उघडल्यावर कोणालाच न्याय सुचत नाही, मलाही नाही.

ग्रुप पुन्हा जमतो आहे. सोडून गेलेल्या दोघांना मी हा हिशेब पाठवला आहे. आणि बहिणीलाही फोन केला आहे. तिच्या वाट्याची रक्कम काढायला घेतली आहे; ते देणे मात्र पुढच्या पेटीवर ढकलायचे नाही.