कुंद आणि कात्री

वीस वर्षे वर्गात मी ‘कुंदकळ्यांसारखे दात’ ही उपमा शिकवीत आलो. कुंद मात्र पाहिला नव्हता! अखेर एका आषाढात आईने माहेरच्या गावाहून त्याची फांदी आणली आणि अंगणात, भरपूर उन्हाच्या जागी लावली. मोगरा उन्हाळ्यातला, जाई-जुई पावसाळ्यातल्या. कुंद मात्र थंडीतला. म्हणून तर अमरकोशात त्याला ‘माघ्य’ म्हटले आहे.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आवराआवरीच्या भरात मी कात्री चालवली. झुडूप नीटनेटके झाले आणि माघ कोरडा गेला! कळ्या धरतात त्या कोवळ्या शेंड्यांवर, अन् शेंडेच मी छाटले होते. आई काही बोलली नाही. देवाला बाजारची शेवंती वाहत राहिली. तेच मला लागले.

आता छाटणी करतो ती फुले सरल्यावर, फाल्गुनात. गेल्या माघात झुडूप पांढरेशुभ्र झाले. सुगंध मंद असतो. जवळ वाकावे लागते. आईला आता वाकवत नाही, म्हणून सकाळी ओंजळ मीच तिच्यापुढे धरतो.

वाचकहो, यंदा आवराआवर करताना कुंदाला तेवढे वगळा!